न्यूरोअ‍ॅनाटमीचं पुस्तक घेण्याआधी मेडुलाचं पान उघड

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहेस, हेड अँड नेक संपत आलंय, आता न्यूरो, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेची रचना, सुरू होईल. हाताशी बीडीसीचा, म्हणजे बीडी चौरसियांच्या अ‍ॅनाटमीचा, चौथा खंड आहे. एक सीनियर म्हणतो विश्राम सिंग घे, दुसरी म्हणते स्नेलशिवाय पर्याय नाही, आणि इंटरनेटवर जो तो ब्लुमेनफेल्डचं नाव घेतो. पैसे एकाच पुस्तकापुरते आहेत. शिवाय बारावीपर्यंत सेमी-इंग्रजीत शिकल्यामुळे जाडजूड परदेशी पुस्तक झेपेल की नाही, ही धाकधूक आहे.

आधी उत्तर देते, मग कारणं. विकत एकच घ्यायचं तर विश्राम सिंग यांचं 'टेक्स्टबुक ऑफ क्लिनिकल न्यूरोअ‍ॅनाटमी' घे. ब्लुमेनफेल्ड लायब्ररीतून आण, पण पहिल्या वर्षात त्यातली तीनच प्रकरणं वाच. कोणती ते पुढे येईलच. स्नेल उत्तम पुस्तक आहे, पण विश्राम सिंग घेतल्यावर त्यावर वेगळे पैसे घालायची गरज नाही. बीडीसी आहे तर असू दे, परीक्षेच्या तोंडावर ते कामाला येतं.

आता कारणं. अ‍ॅनाटमी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि न्यूरोमध्ये मुलं अडतात ती जागा दर वर्षी तीच असते. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मिडब्रेनचा (मेंदूच्या देठाच्या वरच्या भागाचा) स्लाइस पुढे ठेवला की सबस्टान्शिया नायग्रा दाखवतात, रेड न्यूक्लियस दाखवतात, क्रस सेरेब्री दाखवतात. मग मी विचारते, "पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली. ती वेदना या स्लाइसमधून कुठून गेली? आणि ती कोणत्या पायाची?" इथे शांतता पसरते. अभ्यास केलेला असतो, नावंही तोंडपाठ असतात. पण ती नावं पातळीनुसार, म्हणजे मेंदूच्या एकेका भागाप्रमाणे, पाठ केलेली असतात आणि प्रश्न एका रस्त्याचा असतो.

याचं मूळ अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे. २०१९ पासून लागू झालेल्या कॉम्पिटन्सींच्या (विद्यार्थ्याला काय यायला हवं त्याच्या) यादीत न्यूरो अ‍ॅनाटमीच्या एएन ५६ ते एएन ६४ मध्ये येतं. ५६ मेनिंजेस (मेंदूची आवरणं) आणि सीएसएफ (मेंदूभोवतीचं द्रव), ५७ स्पायनल कॉर्ड (मज्जारज्जू), ५८ मेडुला (मेंदूच्या देठाचा खालचा भाग), ५९ पॉन्स (मधला), ६० सेरेबेलम (छोटा मेंदू), ६१ मिडब्रेन, मग क्रेनियल नर्व्ह न्यूक्लिआय, हेमिस्फिअर, व्हेंट्रिकल्स. लेक्चर या क्रमाने होतात, डिसेक्शन साधारण याच क्रमाने होतं आणि आपली बहुतेक भारतीय पुस्तकंही याच क्रमाने लिहिलेली आहेत. हा क्रम चुकीचा नाही. ब्रेन हातात घेतल्यावर तो असाच दिसतो. पण यात वेदना वर नेणारा तंतूंचा रस्ता, स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्ट, चार प्रकरणांत चार तुकड्यांनी भेटतो. दादर, कुर्ला, ठाणे अशा प्रत्येक स्टेशनचे फलाट पाठ केले, तरी सीएसएमटीहून सुटलेली कसारा लोकल कुठून कुठे जाते हे त्यातून कळत नाही. त्यासाठी एकदा गाडीत बसावं लागतं.

म्हणून पुस्तक निवडताना पहिली गोष्ट बघायची ती ही, की लेखकाने विषय पातळीनुसार मांडलाय की सिस्टिमनुसार, म्हणजे एकेक रस्ता सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तुझी लेक्चर पातळीनुसार होणार, परीक्षेत 'टी. एस. ऑफ मिडब्रेन अ‍ॅट द लेव्हल ऑफ सुपीरियर कॉलिक्युलस', म्हणजे मिडब्रेनच्या एका पातळीचा आडवा छेद, काढायला येणार, तेव्हा मुख्य पुस्तक पातळीनुसार मांडलेलंच हवं. पण जोडीला दुसऱ्या पद्धतीचं काहीतरी हवंच, मग ते लायब्ररीतलं असो की सीनियरचं. या विषयात दोन पुस्तकं लागतात ती याचसाठी. एकाच पद्धतीची दोन पुस्तकं, म्हणजे बीडीसी आणि विश्राम सिंग, किंवा विश्राम सिंग आणि इंदरबीर सिंग, शेजारी शेजारी ठेवून वाचण्यात फारसं हशील नाही.

आता लायब्ररीत बसून करायची एक परीक्षा सांगते. सगळी पुस्तकं टेबलावर मांड आणि प्रत्येकात लॅटरल मेडुलरी सिंड्रोम उघड. वॉलेनबर्ग सिंड्रोम या नावानेही सापडेल. व्हर्टिब्रल आर्टरी किंवा तिची फांदी असलेली पोस्टिरियर इन्फिरियर सेरेबेलर आर्टरी बंद पडते आणि मेडुलाचा मागचा-बाहेरचा तुकडा मरतो. रुग्णाला चक्कर येते, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, त्याच बाजूचा हात-पाय अडखळतो, त्याच बाजूची पापणी उतरते आणि बाहुली लहान होते. वेदना आणि तापमानाची जाणीव चेहऱ्यावर त्याच बाजूची जाते, धडावर मात्र विरुद्ध बाजूची. आणि हातापायातली ताकद शाबूत असते.

एवढी यादी प्रत्येक पुस्तकात मिळेल. बघायचं ते पुढचं. चेहरा या बाजूचा आणि अंग त्या बाजूचं, हे का, ते पुस्तक सांगतं का? कारण असं आहे की अंगाकडून येणारे तंतू खाली कॉर्डमध्येच, अँटिरियर व्हाइट कमिशरमधून, पलीकडे गेलेले असतात. मेडुलात पोचतात तेव्हा ते विरुद्ध बाजूची बातमी घेऊन आलेले असतात. चेहऱ्याचे तंतू मात्र पॉन्समध्ये शिरून स्पायनल ट्रॅक्ट ऑफ ट्रायजेमिनलमधून खाली उतरतात आणि मेडुलाच्या या भागात अजून आपल्याच बाजूला असतात. दोन्ही रचना एकमेकींना खेटून आहेत, म्हणून एकाच घावात दोन्ही जातात. ताकद का टिकते? हालचालीचे तंतू नेणारं पिरॅमिड पुढे, मध्यरेषेजवळ आहे आणि तिथला रक्तपुरवठा वेगळा आहे. स्पर्श आणि व्हायब्रेशन का टिकतं? ती जाणीव नेणारा मीडियल लेम्निस्कसही मध्यरेषेलाच आहे. घोगरा आवाज न्यूक्लियस अँबिग्युअसमुळे, चक्कर व्हेस्टिब्युलर न्यूक्लिआयमुळे, अडखळणं इन्फिरियर सेरेबेलर पेडंकलमुळे, पापणी उतरणं खाली जाणाऱ्या सिम्पथेटिक तंतूंमुळे.

आता त्या पुस्तकात मेडुलाच्या मिड-ऑलिव्हरी पातळीच्या आकृतीवर बोट ठेव. वरच्या प्रत्येक लक्षणाची जागा त्या एका आकृतीत सापडते का? मरणारा भाग त्यावर छायांकित करून दाखवलाय का? आकृती आणि मजकूर समोरासमोरच्या पानांवर आहेत की दहा पानं मागे-पुढे करावी लागतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते पान एकदा नीट वाचून पुस्तक मिटल्यावर तुला ही गोष्ट मैत्रिणीला सांगता येते का? ज्या पुस्तकातून ती सांगता आली, ते तुझं पुस्तक. माझ्या शिफारशीपेक्षाही या परीक्षेवर जास्त विश्वास ठेव, कारण कोणाला कोणाची मांडणी पटकन उमगते हे माणसागणिक बदलतं.

दुसरी गोष्ट आकृत्यांची, आणि याबद्दल मुलांना कोणी फारसं सांगत नाही. आपल्या पुस्तकांत ब्रेनस्टेमचे (मेडुला, पॉन्स, मिडब्रेनचे) छेद डॉर्सल, म्हणजे पाठीकडची, बाजू वर ठेवून काढलेले असतात. मिडब्रेनमध्ये टेक्टम वर, क्रस सेरेब्री खाली. परीक्षेतही तसंच काढायचं असतं. पण तिसऱ्या वर्षाला मेडिसिनच्या वॉर्डात एमआरआय समोर आला की सगळं उलटं. तिथे पुढची बाजू वर, म्हणजे क्रस सेरेब्री वर आणि टेक्टम खाली. शिवाय रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. पहिल्या वर्षी न्यूरोत चांगले गुण घेतलेली मुलंही त्या फिल्मसमोर गोंधळतात. ज्ञान कमी नसतं, चित्र एकाच दिशेने डोक्यात बसलेलं असतं. डुएन हेन्स यांच्या अ‍ॅटलसचं मला फार कौतुक आहे ते यासाठी. त्यात मायलिन रंगवलेल्या छेदांचे फोटो आहेत आणि तोच छेद अ‍ॅनाटमीच्या दिशेने आणि क्लिनिकल दिशेने, असा दोन्हींकडून बघायची सोय आहे. हा अ‍ॅटलस विकत घे असं म्हणणार नाही, महाग आहे. पण मेडुला, पॉन्स आणि मिडब्रेन शिकत असताना त्या त्या आठवड्यात एक संध्याकाळ तो लायब्ररीत उघडून बस. स्वतःच्या वहीतली आकृती उलटी धर, शेजारी एमआरआय ठेव आणि ओळखू येणारी एकेक रचना जुळव.

विश्राम सिंग का, ते सांगते. त्यातल्या रेषाचित्रांचं मोठं मोल आहे: ती हाताने काढता येतात. परदेशी पुस्तकातलं आठ रंगांत छापलेलं त्रिमिती चित्र बघायला सुंदर, पण परीक्षेच्या दहा मिनिटांत लाल-निळ्या पेन्सिलीने ते उतरवता येत नाही. विश्राम सिंग यांची आकृती तीनदा काढली की चौथ्यांदा न बघता येते. मजकूर आटोपशीर आहे, क्लिनिकल संदर्भ जागच्या जागी आहेत आणि आपली प्रश्नपत्रिका कशी असते याचं भान आहे. उणीव म्हणशील तर 'का' या प्रश्नाला काही ठिकाणी एका ओळीतच उत्तर मिळतं. ती भूक ब्लुमेनफेल्ड भागवतं.

हाल ब्लुमेनफेल्ड यांचं 'न्यूरोअ‍ॅनाटमी थ्रू क्लिनिकल केसेस' २००२ मध्ये पहिल्यांदा आलं, दुसरी आवृत्ती २०१०ची, तिसरी २०२१ची. पुस्तक जाड आहे हे खरं, पण कठीण नाही. प्रत्येक प्रकरणात आधी रचना, मग रुग्ण. रुग्णाची तक्रार आणि तपासणी देतात आणि विचारतात, घाव कुठे आहे? उत्तरासाठी एकेक लक्षण घेऊन संभाव्य जागा मांडतात, ज्या जागेत सगळी बसतात ती निवडतात, आणि शेवटी स्कॅन दाखवून पुढे रुग्णाचं काय झालं तेही सांगतात. न्यूरॉलॉजिस्ट विचार कसा करतो हे इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं पुस्तक विद्यार्थ्यांसाठी माझ्या पाहण्यात नाही. तुझ्यासाठी तीन प्रकरणं: सहावं कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट आणि इतर मोटर रस्त्यांचं, सातवं सोमॅटोसेन्सरी रस्त्यांचं आणि चौदावं ब्रेनस्टेमच्या अंतर्गत रचनेचं आणि रक्तपुरवठ्याचं. सहावं-सातवं स्पायनल कॉर्डची लेक्चर चालू असताना वाच, चौदावं मिडब्रेन झाल्यावर. केसेसपैकी प्रकरणामागे दोन-तीन पुरेत, पण उत्तर झाकून सोडव. बाकीचं पुस्तक तिसऱ्या वर्षाला आणि इंटर्नशिपमध्ये तुझी वाट बघेल. न्यूरॉलॉजिकल तपासणीचे व्हिडिओ याच लेखकाच्या न्यूरोएक्झाम या संकेतस्थळावर मोफत आहेत; फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये रिफ्लेक्स काढायला लागशील तेव्हा ते बघ.

स्नेलबद्दल तुझी सीनियर चुकीचं सांगत नाहीये. चौथ्या प्रकरणात कॉर्डबरोबर सगळे चढते-उतरते ट्रॅक्ट थेट कॉर्टेक्सपर्यंत नेलेले आहेत, त्यामुळे दोन्ही पद्धतींचा मेळ त्यात आपोआप बसतो. इंग्रजीही सरळ आहे. तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत ब्लुमेनफेल्ड नसेल आणि स्नेल असेल, तर तेच चौथं प्रकरण माझ्या सांगण्यातली दुसरी पद्धत म्हणून वाच, चालेल.

इंदरबीर सिंग यांचं पुस्तक कनेक्शन्सच्या बाबतीत अतिशय सखोल आहे. थॅलॅमसच्या एकेका न्यूक्लियसकडे काय येतं आणि तिथून काय जातं, हे हवं असेल तर तिथे बघावं. अ‍ॅनाटमीत एमडी करणाऱ्यांना मी ते आवर्जून वाचायला लावते. पहिल्या वर्षाला मात्र त्या तपशिलात मूळ रस्ता हरवतो.

बीडी चौरसियांचा ब्रेनचा खंड आधी हेड अँड नेकबरोबर तिसऱ्यात होता, आता स्वतंत्र चौथा आहे. ग्वाल्हेरच्या या शिक्षकाने देशभरातल्या मुलांना अ‍ॅनाटमी सोपी करून दिली, त्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. तक्ते, ठळक मुद्दे, उजळणी यासाठी तो खंड छान. पण न्यूरोची पहिली ओळख त्यातून करून घेऊ नकोस. मुद्दे पाठ होतात आणि रस्ता डोळ्यांसमोर येत नाही, नेमकं जे टाळायचंय तेच.

डिसेक्शन हॉलमध्ये वेगळं पुस्तक लागतं. तिथे कनिंगहॅमचं मॅन्युअल, हेड, नेक आणि ब्रेनचा खंड. ब्रेन समोर आल्यावर कोणता सल्कस आधी शोधायचा, छेद कुठून घ्यायचा, कोणता थर कसा बाजूला करायचा, हे क्रमाने त्यातच आहे. विकत घ्यायची गरज नाही, टेबलामागे एक प्रत पुरते.

'ग्रेज' घ्यायचा विचार असेल तर थांब. 'ग्रेज अ‍ॅनाटमी' हा मोठा संदर्भग्रंथ आणि 'ग्रेज अ‍ॅनाटमी फॉर स्टुडंट्स' ही दोन वेगळी पुस्तकं आहेत. दुसऱ्यात ब्रेनस्टेमची अंतर्गत रचना तुला लागेल तेवढी मिळणार नाही. पहिल्यात सगळं मिळेल, पण तो एखादा मुद्दा तपासण्यासाठी उघडायचा ग्रंथ आहे. पीटर डूस यांचं 'टॉपिकल डायग्नोसिस' अप्रतिम, पण ते पीजीला.

पुस्तकं एकमेकांशी जुळत नाहीत अशी एक जागा तुला नक्की भेटेल, म्हणून आधीच सांगून ठेवते: इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे कॉर्टेक्सकडे जाणाऱ्या-येणाऱ्या तंतूंची दाट पट्टी. जेनूमध्ये (तिच्या मधल्या बाकात) कॉर्टिकोन्यूक्लिअर तंतू, पोस्टिरियर लिंबमध्ये (मागच्या भागात) कॉर्टिकोस्पायनल, इथपर्यंत एकमत आहे. पण पोस्टिरियर लिंबमध्ये नेमके कुठे? जुन्या आकृत्यांत ते जेनूला लागून, पुढच्या भागात दिसतात. नव्या पुस्तकांत मागच्या भागात. खरं म्हणजे वरून खाली येताना हे तंतू मागे सरकत जातात, त्यामुळे छेद कोणत्या पातळीचा यावर उत्तर ठरतं. परीक्षेत तुझ्या मुख्य पुस्तकातली आकृती काढ आणि शेजारी ही एक ओळ लिही. परीक्षक खूश होतील.

आता आवृत्तीचा प्रश्न, कारण तो थेट पैशांशी जोडलेला आहे. सीनियरकडून मागची किंवा त्याच्या मागची आवृत्ती अर्ध्या किमतीत मिळत असेल तर बिनधास्त घे. ट्रॅक्ट बदललेले नाहीत. बदललं ते उपचारांत, उदाहरणार्थ २०१५ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आल्यानंतर स्ट्रोकमध्ये थ्रॉम्बेक्टमी (रक्ताची गुठळी काढणं) रूढ झाली; किंवा मेंदूतल्या न्यूरॉनची संख्या, जी जुन्या पुस्तकांत १०० अब्ज लिहिलेली सापडते आणि २००९ मधल्या मोजणीत सुमारे ८६ अब्ज निघाली. यातलं काहीही तुझी पहिल्या वर्षाची परीक्षा अडवणार नाही. जुनं पुस्तक घेताना एकच बघ, आकृत्यांवर आधीच्या मालकाने पेनाने गिरगटून ठेवलेलं नसावं. फोनवरच्या पीडीएफवर मात्र न्यूरो करू नकोस. या विषयात नजर मजकुरावरून आकृतीवर आणि आकृतीवरून मजकुरावर सतत जावी लागते. पाच इंची पडद्यावर ते जमत नाही.

भाषेची धाकधूक. लातूर, नांदेड, बीडकडून सेमी-इंग्रजीतून आलेली कितीतरी मुलं माझ्या हाताखालून गेली, न्यूरोत ती कुठेही मागे पडली नाहीत. न्यूरोचं इंग्रजी वाक्यरचनेने अवघड नसतं, एका वाक्यात सात-आठ नवी नावं येतात म्हणून जड वाटतं. उपाय असा: आधी आकृती आणि तिच्याखालचा मजकूर वाच, परिच्छेद त्यानंतर. मग पुस्तक मिटून तो ट्रॅक्ट मराठीत, आपल्या रोजच्या बोलीत, मोठ्याने सांग. "पहिला न्यूरॉन डॉर्सल रूट गँगलियनमध्ये. तो कॉर्डमध्ये शिरला, डॉर्सल हॉर्नमध्ये दुसऱ्याला भेटला. दुसरा एक-दोन सेगमेंटमध्येच पलीकडे गेला आणि लॅटरल बाजूने वर निघाला. मेडुला, पॉन्स, मिडब्रेन, कुठे न थांबता थॅलॅमसच्या व्हीपीएलमध्ये. तिथून तिसरा, इंटर्नल कॅप्सूलच्या पोस्टिरियर लिंबमधून, कॉर्टेक्सच्या ३, १, २ एरियात." नावं इंग्रजी राहू देत, गोष्ट मराठीत सांग. हे अडखळत का होईना सांगता आलं, की तोच परिच्छेद इंग्रजीत लिहायला वेळ लागत नाही. फिजिऑलॉजीत हेच ट्रॅक्ट त्याच सुमारास चालू असतात, तेव्हा ए. के. जैन किंवा जे पुस्तक वापरत असशील त्यातलं सेन्सरी सिस्टिमचं प्रकरण त्याच आठवड्यात उरकून घे. एका अभ्यासात दोन विषय होतात.

न्यूरो सुरू व्हायला अजून दिवस आहेत म्हणतेस, तर विकत घेण्याची घाई करू नकोस. या शनिवारी लायब्ररीत जा, विश्राम सिंग, स्नेल आणि ब्लुमेनफेल्ड तिन्ही काढून घे आणि वर सांगितलेली मेडुलाची पानं शेजारी शेजारी वाच. विश्राम सिंगपेक्षा स्नेलमधून ती गोष्ट तुला सहज सांगता आली, तर स्नेल घे आणि आकृत्या काढायच्या सरावापुरतं विश्राम सिंग लायब्ररीतून आण.